गावचा कारभार : ठराव, वसुली आणि वही

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली म्हणजे तालुक्यात दुसरा विषय उरत नाही. कोणत्या पॅनेलच्या किती जागा आल्या, गुलाल कोणाच्या दारात उधळला गेला, हे दिंडोरीच्या बाजारपेठेत चहाच्या टपरीवर बसणाऱ्यालाही तोंडपाठ असते. परंतु गुलाल धुतला गेल्यानंतर पाच वर्षे ही संस्था नेमके काय करते, तिच्याकडे पैसा कोठून येतो, कोणाच्या सहीने जातो, आणि वस्तीला पाणी आले नाही तर जाब कोणाला विचारावयाचा, असे प्रश्न केले तर पुष्कळांची उत्तरे अडखळतात. निवडणूक हा पाच वर्षांतला एक दिवस. कारभार हा उरलेल्या सर्व दिवसांचा. आजचे आमचे विवेचन त्या उरलेल्या दिवसांविषयी आहे.

आम्ही विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली आणि कायदा वाचावयास शिकलो ते कामगारांचे अर्ज व नोटिसा लिहिता लिहिता. कामगार चळवळीत एक गोष्ट मात्र पक्की कळली. जे वहीत लिहिले गेले नाही त्याचा पाठपुरावा करता येत नाही. कारखान्याच्या दारात जे खरे, तेच गावच्या चावडीतही खरे आहे. म्हणून ग्रामपंचायतीकडे आम्ही भाषणांच्या बाजूने न पाहता वह्यांच्या बाजूने पाहणार आहोत.

ही संस्था आली कोठून

जुन्या काळच्या पंचांविषयी आपण अभिमानाने बोलतो. पण आजची ग्रामपंचायत ही त्या पंचांची सरळ वारस नव्हे. ती कायद्याने निर्माण झालेली संस्था आहे. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला, परंतु ती बोर्डे जिल्ह्याची आणि तालुक्याची होती. गाव तसेच राहिले. गावासाठी कायदा आला तो १९२० साली, आणि पुढे १९३३ साली तो बदलला. आज ज्याच्या आधाराने कारभार चालतो तो कायदा १९५८ चा. त्याला आरंभी मुंबई ग्रामपंचायत अधिनियम म्हणत. आता त्याचे नाव महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम असे आहे. पुढे वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून गाव, तालुका व जिल्हा अशी तीन मजल्यांची इमारत उभी राहिली. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली, तेव्हा या इमारतीला राज्यघटनेचा पाया मिळाला. त्याआधी निवडणुका कधी घ्यावयाच्या हे बरेचसे सरकारच्या मर्जीवर होते. पंचायतीची मुदत पाच वर्षांची, हे घटनेने लिहून दिले.

एवढा इतिहास पुरे. आता कारभार कसा चालतो ते पाहू.

सभा, पंचायत आणि सचिव

गावचा कारभार तीन ठिकाणी वाटलेला आहे. पहिली ग्रामसभा, म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेले सर्व स्त्रीपुरुष. दुसरी ग्रामपंचायत, म्हणजे निवडून आलेले सदस्य; लोकसंख्येप्रमाणे यांची संख्या सातपासून सतरापर्यंत असते. तिसरा सचिव, म्हणजे ज्याला आपण ग्रामसेवक म्हणत आलो. २०२४ साली ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव देण्याचे शासनाने ठरविले. लोकांच्या तोंडी मात्र ‘भाऊसाहेब’ हेच नाव आहे.

या तिघांचे नाते समजून घेतले पाहिजे. पंचायत ठराव करते, सचिव तो लिहितो व अमलात आणतो, आणि ग्रामसभा दोघांना विचारते. सचिव हा गावचा नोकर नव्हे. तो जिल्हा परिषदेचा नोकर आहे. त्याची बदली, बढती, चौकशी सर्व काही वरून होते. त्यामुळे सरपंच एक सांगतो आणि गटविकास अधिकारी दुसरे सांगतो, अशा पेचात तो पुष्कळदा सापडतो. एकेका सचिवाकडे दोन-दोन, तीन-तीन गावे असतात. सोमवारी एका गावी, बुधवारी दुसऱ्या गावी अशी त्याची पाळी लागलेली असते. दाखल्यासाठी तीन चकरा मारणाऱ्या म्हातारीला त्याचा राग येतो, आणि तो रागही खरा आहे. पण एका माणसाच्या गळ्यात तीन दप्तरे बांधली तर कोणते तरी एक मागे राहणारच, हेही खरे आहे.

सरपंच कसा निवडावा याबाबत आपल्या राज्यात एकमत झालेले नाही. पूर्वी सदस्य आपल्यातून सरपंच निवडीत. २०१७ साली थेट जनतेने सरपंच निवडण्याचा नियम आला, २०२० साली तो गेला, आणि २०२२ साली पुन्हा आला. थेट निवडीचा गुण असा की फोडाफोडी कमी होते. दोष असा की सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती आली म्हणजे मासिक सभेत एकेक ठराव अडून बसतो.

जागांपैकी निम्म्या स्त्रियांसाठी राखीव आहेत. आरंभी एक तृतीयांश होत्या, २०११ पासून निम्म्या झाल्या. खुर्चीवर बाई आणि बोलणार तिचा नवरा, असा देखावा आपण पाहिला आहे आणि त्यावर हसलोही आहोत. परंतु तेवढेच पाहणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या खेपेला निवडून आलेली बाई रोकड वही स्वतः मागते, हेही आम्ही पाहिले आहे. स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुस आणि आपेन्झेल इनरऱ्होडेन या दोन प्रांतांत अजून वर्षातून एकदा सर्व नागरिक चौकात जमून हात वर करून कायदे ठरवितात. लोकशाहीचा तो नमुना जगभर दाखविला जातो. त्याच आपेन्झेलच्या चौकात स्त्रियांना हात वर करण्याचा हक्क न्यायालयाच्या निकालाने १९९० साली मिळाला. आमच्या ग्रामसभेत तो हक्क १९५८ च्या कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. तो वापरला किती, हा प्रश्न वेगळा.

शंभर माणसांचा नियम

ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा झालीच पाहिजे. सामान्यतः त्या १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी या दिवसांच्या सुमारास होतात. सभा बोलावण्यात कसूर करणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. नेहमीच्या सभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावयाची, असाही नियम आहे.

गणपूर्तीचा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हवी. ५०० मतदारांच्या गावाला ७५ माणसे पुरतात. २,००० मतदारांच्या गावाचे १५ टक्के ३०० होतात, पण तेथेही १०० पुरतात. आता यातली मेख पाहा. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी साठ माणसे आली म्हणून सभा मोडली, तर दुसऱ्या वेळी वीस माणसांतही तेच विषय मंजूर होतात. घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव, पुढच्या वर्षीचा आराखडा कोणता, हे सर्व त्या वीस जणांत ठरून जाते. मग बाहेरचे लोक म्हणतात, “सगळे आधीच ठरलेले असते.” ठरलेले असते हे खरे, पण घरी बसणाऱ्यांनी ते ठरू दिलेले असते, हेही तितकेच खरे. तहकूब सभेची तारीख विचारून घेणे हे पहिल्या सभेला येण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

एका पाइपाचा प्रवास

नियम नुसते सांगून डोक्यात राहत नाहीत. म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, कादवेच्या काठच्या एका गावी टाकीपासून दूरच्या वस्तीला पाणी पोचत नाही. जुना पाइप फुटलेला आहे. वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन शेजारच्या द्राक्षबागेच्या विहिरीवर जातात. पाइप बदलावयाचा, तर काय काय व्हावे लागते?

पहिली पायरी अर्ज. तोंडी तक्रार ही तक्रार नव्हे; लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. अर्ज आवक वहीत चढला म्हणजे तो जन्मला. दुसरी पायरी मासिक सभा. पंचायतीची सभा दर महिन्याला होते आणि निम्मे सदस्य हजर असल्याखेरीज ती चालत नाही. तेथे विषय निघतो, सूचक व अनुमोदक यांची नावे लिहिली जातात, ठरावाला क्रमांक पडतो. तिसरी पायरी अंदाजपत्रक. गावाकडे अभियंता नसतो. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचा अभियंता येऊन मोजमाप करतो, खर्च काढतो, त्याला तांत्रिक मान्यता मिळते. येथे पुष्कळ कामे महिनोन्महिने पडून राहतात, कारण अभियंता एक आणि गावे अनेक. चौथी पायरी पैशाचे शीर्षक. काम गावच्या वार्षिक विकास आराखड्यात असावे लागते. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने हे आराखडे करण्याची पद्धत २०१५ नंतर आपल्या राज्यात सुरू झाली. आराखड्यात नाही ते काम त्या निधीतून निघत नाही. म्हणून वस्तीच्या बायकांनी आराखडा ठरविणाऱ्या ग्रामसभेला येणे हे पाण्याच्या टँकरपेक्षा अधिक उपयोगाचे.

पुढे निविदा, कामाचा आदेश, प्रत्यक्ष काम. काम झाल्यावर अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि मगच बिल निघते. पैसे काढावयाचे तर सरपंच व सचिव या दोघांच्या सह्या लागतात. वित्त आयोगाच्या निधीसाठी आता कागदावरची सही नव्हे, तर दोघांच्या संगणकी सह्या लागतात आणि पैसे सरळ ठेकेदाराच्या बँक खात्यात जातात. शेवटी तो खर्च रोकड वहीत चढतो आणि पुढे लेखापरीक्षक तो तपासतो.

ही साखळी लांब आहे, हे आम्हीही मान्य करतो. परंतु प्रत्येक कडीला एक कागद आहे, आणि तो कागद पाहण्याचा हक्क २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. काम कोठे अडले हे शोधावयाचे असेल तर सरपंचाशी भांडण्याआधी कोणता कागद झाला आणि कोणता राहिला ते पाहावे. बहुतेक वेळा भांडणाचा पत्ता चुकलेला निघतो.

पैसा कोठून येतो

गावच्या तिजोरीला कायद्यात ग्रामनिधी म्हणतात. तीत दोन बाजूंनी पैसा येतो. एक वरून, म्हणजे वित्त आयोग, जमीन महसुलाचा वाटा, मुद्रांक शुल्काचा वाटा आणि निरनिराळ्या योजना. दुसरा गावातून, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजार फी वगैरे.

चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, गावाला थेट मिळणारी रक्कम चांगलीच वाढली. पंधराव्या आयोगाच्या रकमेतला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना आणि दहा-दहा टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना, अशी वाटणी झाली. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी आयोगाने अट घातली की यातले ६० टक्के पाणी व स्वच्छता यांवरच खर्चावे. ही बंधने पुष्कळ सरपंचांना जाचतात. पण पाइप सोडून कमान बांधण्याची हौस त्यांनी थोडी आवरली, हे नाकारता येत नाही. स्वतःच्या उत्पन्नातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात. आपल्या गावाने ते राखले काय, हा ग्रामसभेत विचारण्याचा प्रश्न आहे.

वरचा पैसा येतो तो वरच्या अटी घेऊन येतो. गावचा स्वतःचा म्हणावा असा पैसा एकच, तो वसुलीचा. घरांची नोंद नमुना ८ मध्ये असते, कोणाकडून किती येणे ते नमुना ९ मध्ये, आणि पावती नमुना १० ची. २०१५ अखेरच्या नियमांप्रमाणे घरपट्टीची आकारणी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर होते. दर शासनाने दिलेल्या किमान व कमाल मर्यादेत पंचायतीने ठरवावयाचा असतो. निवडणूक तोंडावर असली म्हणजे तो किमान पायरीवरच राहतो.

आता एक साधे गणित करू. समजा, गावची चालू मागणी चार लाख, मागील थकबाकी दोन लाख, मिळून सहा लाख. वर्षअखेर वसूल झाले तीन लाख. वसुली ५० टक्के. चालू वर्षाच्या मागणीइतकाही पैसा आला नाही, आणि पुढल्या वर्षी थकबाकी तीन लाखांवर गेली. थकविणारे कोण असतात? कुडाच्या घराची शंभर-दीडशे रुपये पट्टी भरणारी बाई सहसा थकवीत नाही. तिला दाखला लागतो. थकबाकीची मोठी आकडेमोड पुष्कळदा मोठ्या घरांच्या नावावर सापडते. कारखान्यांबाबत कायद्याच्या १२५ व्या कलमात करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचा करार करण्याची सोय आहे. ज्या गावच्या शिवारात कारखाने आले, तेथे हा करार कितीचा आणि कधी झाला, हे गावकऱ्यांनी विचारले पाहिजे. कारण त्याच कारखान्यांचे कामगार गावात खोल्या घेऊन राहतात, त्यांनाही पाणी आणि गटार लागते.

पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार

या वसुलीचा संबंध एका माणसाच्या पोटाशी आहे, आणि आम्हाला हा विषय जवळचा वाटतो तो त्याच्यामुळे. पहाटे चारला उठून व्हॉल्व फिरविणारा, गटार काढणारा, पट्टीची बिले वाटणारा आणि सभेच्या सतरंज्या टाकणारा जो ग्रामपंचायतीचा कर्मचारी, तो शासनाचा नोकर नाही. त्याला पंचायत नेमते आणि त्याचा पगार ग्रामनिधीतून निघतो. शासनाने त्याला किमान वेतन लागू केले. आकृतिबंधात बसणाऱ्या पदांसाठी शासन वेतनाचा काही हिस्साही देते. परंतु तो हिस्सा पंचायतीच्या वसुलीच्या टक्केवारीला बांधलेला आहे. वसुली घटली की शासनाचा हिस्सा घटतो. उरलेला भार पंचायतीवर येतो. आणि वसुली घटलेली म्हणूनच पंचायतीकडे पैसा नसतो. अशा रीतीने दर ठरविण्यात ज्याचे मत नाही आणि वसुली न झाल्याचा दोष ज्याचा नाही, त्याचाच पगार आधी थांबतो.

एका गावी (नाव घेण्याचे कारण नाही) अशा कर्मचाऱ्याचे सात महिन्यांचे वेतन थकले होते. सरपंच म्हणत, तिजोरीत पैसा नाही. संघटनेच्या सवयीप्रमाणे आम्ही मोर्च्याआधी वही मागितली. नमुना ९ ची प्रत मिळाली तेव्हा थकबाकीत काही पंचायत सदस्यांचीच नावे निघाली. कायद्याचे १४ वे कलम असे सांगते की मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ज्याने कर भरला नाही, तो सदस्य राहण्यास अपात्र होतो. ग्रामसभेत कोणाचेही नाव न घेता ते कलम तेवढे वाचून दाखविले. त्या आठवड्यात कचेरीत पावतीपुस्तकाची पाने भराभर फाटली, आणि पुढल्या महिन्यात त्या माणसाचे चार महिन्यांचे वेतन निघाले. उरलेल्या तीन महिन्यांसाठी आणखी दोन ग्रामसभा लागल्या.

डोंगराकडची गावे

आमच्या तालुक्याचे दोन भाग आहेत. पूर्वेला मोहाडी, खेडगाव, पालखेड ही द्राक्षांची, पाटपाण्याची गावे. पश्चिमेला ननाशी, कोचरगावकडचा डोंगराळ, आदिवासी मुलूख. या पश्चिम भागातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. या गावांत सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असते, पाडा आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो, आणि आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के वाटा २०१५ पासून थेट गावाकडे देण्याचे ठरले. कायद्याने पाहिले तर ननाशीकडच्या पाड्याला बागाईत गावापेक्षा अधिक अधिकार आहेत. अधिकार असून तो वापरण्यास माणूस, कागद आणि बस या तीन गोष्टी कमी पडतात.

पूर्वेकडचे दुखणे निराळे. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड ही धरणे आमच्या तालुक्याच्या जमिनीवर उभी आहेत, पण पाण्याची चावी जलसंपदा खात्याकडे. कोकणच्या किनाऱ्यावरील लहान पंचायतीचीही हीच कथा. समुद्र दारात, परंतु धक्का मेरीटाइम बोर्डाचा, आणि भरतीरेषेजवळ घर बांधावयाचे तर केंद्राचे सीआरझेड नियम आडवे येतात. गावाच्या हद्दीतले सर्व काही गावाच्या हातात नसते. तथापि वाट काढता येते. वाघाडच्या लाभक्षेत्रात ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे यांनी १९९० नंतर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभारल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, पट्टी वसूल करावयाची आणि शेपटाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचवावयाचे, हे काम शेतकऱ्यांनी स्वतः करून दाखविले. तेथेही यशाचे गमक पट्टीची वसुली आणि चोख वही हेच होते.

आपल्या दिंडोरीचे काय

शेवटी एक गोष्ट येथे जमलेल्या दिंडोरीकरांना सांगितली पाहिजे. आपल्या गावाची आता नगरपंचायत झाली आहे. कारभार १९६५ च्या नगरपरिषदांच्या कायद्याप्रमाणे चालतो. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आणि भाऊसाहेबांच्या जागी मुख्याधिकारी आले. निधीची दारे वाढली, हा लाभ झाला. पण एक वस्तू गेली, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलले नाही. ती म्हणजे ग्रामसभा. गाव असताना प्रत्येक मतदाराला उभे राहून हिशेब विचारण्याचा कायद्याने दिलेला हक्क होता. नगरात तो हक्क नगरसेवकामार्फत वापरावयाचा. महानगरपालिका व नगरपरिषदांच्या कायद्यात २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद झाली खरी, परंतु ती कागदावरून क्वचितच खाली उतरली.

म्हणजे वणीचा मतदार आजही ग्रामसभेत सरपंचाला विचारू शकतो की पाणीपट्टीचे किती जमले आणि कोठे गेले. दिंडोरीच्या मतदाराला त्यासाठी अर्ज करावा लागतो. जे हक्क आपण भरपूर वापरले नाहीत, ते गेल्याचे आपल्याला कळलेही नाही.

यावर उपाय काय? आम्ही तीन सुचवितो. पहिला, प्रत्येक प्रभागातील नागरिकांनी आपल्या नगरसेवकाला वर्षातून दोनदा तरी उघड सभा घेण्यास सांगावे, आणि त्या सभेचे इतिवृत्त लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कायद्याने सक्ती नसली तरी मनाईही नाही. दुसरा, अशा सभेत चार आकडे विचारावेत. मागणी किती, वसुली किती, थकबाकी किती आणि सफाई कामगारांचे वेतन कोणत्या महिन्यापर्यंत दिले. या चार आकड्यांत कारभाराची बहुतेक प्रकृती कळते. तिसरा, ज्यांची शेती अजून आसपासच्या गावांत आहे आणि मतदारयादीत नाव तेथेच आहे, त्यांनी येत्या ग्रामसभेला जावे, मागील सभेचे इतिवृत्त मोठ्याने वाचावयास सांगावे, आणि त्यात लिहिलेले किती झाले ते विचारावे. सभा तहकूब झाली तर पुढची तारीख लिहून घेऊन घरी यावे, आणि त्या तारखेला पुन्हा जावे.